थेंब कोठून आला?

बंगळूरच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा मोटारसायकलीची परीक्षा पाहणारा रस्ता आहे. कामाच्या वेळी आगर आणि इब्बलूर ओलांडीपर्यंत वाहन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. ज्या एंजिनाला थंड ठेवण्याचे काम वाऱ्याने करावयाचे, त्याला तेथे वाराच मिळत नाही. एंजिन तापते, आतले तेल पातळ होते, आणि थंड असताना ज्या बारीक फटीतून ते येत नव्हते तिच्यातून पाझरू लागते. संध्याकाळी गाडी घरी उभी केली की फरशीवर काळसर डाग उमटतो. नोकरीनिमित्त त्या भागात राहणाऱ्या ज्या मराठी घरांत जुनी बुलेट आहे, तेथे या डागाची ओळख करून द्यावयास नको.

मद्रासमध्ये 1955 साली बुलेटची जुळणी सुरू झाली. बुलेट तेल गळत नसेल तर तिच्यात तेलच उरले नाही असे समजावे, असा विनोद तिचे चाहते करीत आले आहेत. तो हसून सोडून द्यावा, डाग मात्र सोडून देऊ नये. अशा एंजिनात तेल असते ते अवघे दोन-अडीच लिटर. ते फार कमी झाले तर पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि धावती गाडी एकाएकी अडते. शिवाय गळलेले तेल मागच्या टायरवर उडाले, तर ओल्या रस्त्यावरील साधे वळणही घातक ठरते.

गळती शोधणाराची पहिली फसगत ही की, थेंब जेथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असे तो धरून चालतो. तेल गुरुत्वाने खाली येते, वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि गाडी बाजूच्या स्टँडवर डावीकडे कलली असेल तर डाव्या अंगास जमते. म्हणून ओलाव्याची सर्वांत खालची जागा पाहून उपयोग नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा पाहावी.

ती दिसण्यासाठी एंजिन आधी स्वच्छ हवे. थंड एंजिनावरची चिकट माती ब्रश आणि रॉकेलने काढून ते पूर्ण कोरडे करावे. मग संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची साधी पावडर भुरभुरावी, आणि दोन-चार किलोमीटर हळू फिरून यावे. वेग वाढविला की वारा तेलाची रेघ पुसून सगळीकडे पसरवितो. या एका कामापुरता सर्जापूर रोडचा मंदपणा उपकारकच म्हटला पाहिजे. परत आल्यावर गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून विजेरीच्या प्रकाशात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट काळी उमटलेली दिसते. ती बोटाने वर वर शोधीत जावे; मात्र सायलेन्सरपासून हात जपावा.

जुन्या बीड एंजिनाचे एक उदाहरण घेऊ. त्यात माथ्यावरील रॉकरना तेल पुरविणारी नळी एंजिनाच्या बाहेरून वर जाते. तिच्या टोकाशी तांब्याचे लहान वॉशर असतात. त्यांतला एखादा दबून गेला की तेल सिलिंडरच्या पात्यांवरून ओघळते आणि तळाच्या सांध्यापाशी साचते. पाहणारा म्हणतो, तळाचे गॅस्केट गेले. ते बदलण्यासाठी सारे सिलिंडर उतरविले जाते, दोन दिवस आणि बरेच पैसे खर्च होतात, आणि तिसऱ्या दिवशी फरशीवर तोच डाग. दोष होता तो वॉशरचा.

सांधा गळताना दिसला की पाना घेऊन तो आवळीत सुटणे हाही एक मोह आहे. अ‍ॅल्युमिनियममधील आटे मऊ असतात. जास्त जोर लावला तर ते निघून येतात आणि किरकोळ गळतीचे मोठे दुखणे होते. पुढील काळात एंजिन व गिअरपेटी एकाच आवरणात आली, सांधे कमी झाले आणि गळतीही उणावली. तरी रबरी सील कडक होणे काही थांबले नाही.

एक वाट मात्र पावडरीने सापडत नाही. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते. ती बाहेर पडावी म्हणून ब्रीदरची नळी ठेवलेली असते. ती तुंबली की दाब आतच राहतो आणि तेलाला प्रत्येक कमकुवत सांध्यातून बाहेर रेटतो. एक गॅस्केट बदलले की दुसरे गळू लागते, ते याचमुळे. तेव्हा एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसली, तर गॅस्केटचा संच विकत आणण्यापूर्वी ती नळी काढून तोंडाशी न नेता पंपाने हवा मारून पाहावी. उलट, गाडी काही आठवडे उभी राहिल्यावर सुरू करताच याच नळीतून भसकन तेल आले, तर घाबरण्याचे कारण नसते. टाकीतले तेल मधल्या काळात पंपावाटे झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेले असते. थोडा वेळ एंजिन चालू ठेवून मग पातळी मोजावी.