शिडीचा पाय आणि शिडीचें डोकें

चलनकलनाच्या पाठ्यपुस्तकांत एक शिडी बहुधा असतेच. ती भिंतीला टेकलेली असते. तिचा पाय जमिनीवरून भिंतीपासून दूर सरकत असतो, आणि डोकें किती वेगानें खालीं येतें, एवढें विद्यार्थ्यानें सांगावयाचें असतें. प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु बीजगणितांत पटाईत असलेली मुलेंहि येथें अडखळतात.

श्रोत्यांनीं शिडी १३ फुटांची समजावी. पाय दर सेकंदास २ फूट ह्या सम वेगानें सरकत आहे, आणि तो भिंतीपासून ५ फुटांवर असतांना डोक्याचा वेग काढावयाचा आहे. काटकोन त्रिकोणावरून डोक्याची उंची त्या क्षणीं १२ फूट ठरते. हे आंकडे हातीं येतांच उतावळा विद्यार्थी ते समीकरणांत घालतो. २५ आणि १४४ मिळून १६९ झाले म्हणून संतोष पावतो, व मग विकलन करूं लागतो. पण स्थिर संख्येचें विकलन शून्य! म्हणजे शिडी हालतच नाहीं, असें उत्तर निघतें. धांवत्या गाडीचें छायाचित्र घेऊन त्यावरून तिचा वेग मोजण्यासारखाच हा प्रकार झाला.

म्हणून प्रथम प्रत्येक क्षणीं खरें असणारें नातें लिहावें. पायाचें अंतर क्ष व डोक्याची उंची य मानल्यास, क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर १६९. आतां कालाच्या अनुरोधानें विकलन करून दोहोंनीं भागलें, म्हणजे क्ष गुणिले क्षचा वेग, अधिक य गुणिले यचा वेग, बरोबर शून्य असें मिळतें. आंकडे घालावयाचे ते येथें, आधीं नव्हे. १० अधिक १२ पट यचा वेग बरोबर शून्य. म्हणून डोक्याचा वेग सेकंदास उणें ५/६ फूट. उणें चिन्ह उंची घटत असल्याचें दर्शवितें. तें खोडून टाकणें बरें नव्हे.

राशि वाहती आहे, ही दृष्टि न्यूटनची. त्यानें १६७१ सालीं लिहिलेला ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७३६ सालीं, इंग्रजी भाषांतररूपानें प्रसिद्ध झाला. त्यांतील पहिलाच प्रश्न असा, कीं वाहत्या राशींचें परस्परांशीं नातें दिलें असतां त्यांच्या वेगांचें नातें काढावें. शिडीचें उदाहरण ह्याच प्रश्नाचें एक रूप होय.

पाय १२ फुटांवर गेला, कीं डोक्याची उंची ५ फूट उरते आणि वेग सेकंदास ४.८ फूट होतो. पुढें उंची शून्याकडे जातां वेग अमर्याद वाढतो. अशी शिडी जगांत असणें शक्य नाहीं. समीकरण चुकलेलें नसतें. डोकें भिंतीस शेवटपर्यंत टेकलेलें राहील, हें गृहीतच टिकत नाहीं. शिडीचें वजन सर्वत्र सारखें आणि भिंत गुळगुळीत मानल्यास, डोकें सुमारें २.४ फूट उंचीवर असतांनाच भिंत सोडतें. तेथून पुढें त्या त्रिकोणाचें नातें लागू पडत नाहीं.