लोखंडाचा सांधा : वेल्डिंगविषयी काही व्यवहारज्ञान

पानशेत हे नाव उच्चारले की पुणे शहरास १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. आंबी नदीवरचे नवे मातीचे धरण त्या दिवशी फुटले, त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दुर्घटनेची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही तिच्यातील एकच गोष्ट येथे घेतो. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा जो मार्ग काढला होता, त्याचे काम त्या पावसाळ्यापूर्वी पुरे झाले नव्हते. त्यातून पाणी खळबळत, कमीजास्त दाबाने वाहू लागले आणि नेमका त्या मार्गावरचाच बांधाचा भाग खचत गेला. एवढा प्रचंड बांध, पण तो सर्वत्र एकदम हरला नाही. मातीचा भराव आणि बांधकाम जेथे एकमेकांस भेटत होते, तेथे तो हरला.

आमचा आजचा विषय धरण नव्हे, लोखंड आहे. परंतु नियम तोच आहे. जोडलेली वस्तू बहुधा अंगात तुटत नाही, सांध्यात तुटते. आज पुण्याहून पानशेतकडे जाताना धायरी-खडकवासल्याच्या बाजूस वेल्डिंगची लहानमोठी दुकाने दिसतात. पुढे खोऱ्यात भाताची शेती आहे, आणि पावसाच्या तोंडावर चिखलणीची लोखंडी चाके, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हूक दुरुस्तीस निघतात. शहरात तर गॅलरीची जाळी, जिन्याचा कठडा, गच्चीवरच्या टाकीचा सांगाडा हे सारे वेल्डिंगच्या सांध्यांवर उभे आहे. त्या कठड्याला टेकून आपली मुले उभी राहतात. म्हणून हे ज्ञान केवळ कारागिराचे आहे असे समजून चालणार नाही. काम करून घेणारासही ते थोडेबहुत हवे.

प्रथम हे पाहू की वेल्डिंग म्हणजे काय. धातू जोडण्याच्या तीन रीती आपल्याकडे पूर्वापार आहेत. कासार किंवा तांबट भांड्याला डाग देतो; त्यात भांडे वितळत नाही, वितळते ती मधली नरम धातू. लोहार दोन तुकडे भट्टीत पांढरे होईतो तापवितो, टाकणखार टाकतो आणि घणाखाली ते एकजीव करतो. तिसरी रीत रिव्हेटची, म्हणजे भोक पाडून खिळा ठोकण्याची. वेल्डिंग हे लोहाराच्या रीतीचे धाकटे भावंड आहे. येथे घणाची जागा उष्णतेने घेतली आहे. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सियसला वितळते. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३,१०० अंशांपर्यंत जाते आणि विजेच्या ठिणगीची कमान पाच-सहा हजार अंशांपर्यंत. त्या उष्णतेत दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, रॉडची धातू त्यांत मिसळते आणि थिजल्यावर तिघांचे एक होते. कडा वितळल्याच नाहीत, तर वर पडते ते नुसते लिंपण. ते बाहेरून सुरेख दिसते, आतून वेगळे असते. वेल्डिंगचा सारा पेच येथेच आहे. सांध्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पहिला सल्ला असा की, ठिणगी पाडण्यापूर्वी धातू ओळखावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ग्राइंडर पुरतो. तुकडा चाकाला लावावा आणि ठिणग्या पाहाव्यात. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या असतात आणि त्यांना फाटे कमी फुटतात. फाळ, छिन्नी, गाडीचा पाटा यांसारख्या कडक पोलादाच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे दाट फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस असतात. साधे पोलाद निर्धास्त जोडावे. कडक पोलाद थंडगार असताना जोडले, तर सांध्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. ते आधी चांगले तापवावे, इतके की पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडून जावा. जोडल्यावर ते कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावे. लोहार फाळाला पाणी देतो म्हणून जोडलेला गरम फाळ कोणी बादलीत बुडवील, तर तो शेतातल्या पहिल्या दगडाला तुटेल. गाडीचा तुटलेला पाटा मात्र जोडूच नये, बदलावा. पंपाचे बिडाचे अंग फुटले असेल, तर निकेलचा रॉड घ्यावा, एका वेळी इंचभरच काम करावे, हलकेच हातोडीने ठोकावे, हात लावता येईल इतके निवू द्यावे आणि मग पुढचा इंच घ्यावा. घाई केली की बीड शेजारीच नवी भेग दाखविते. पितळी ब्रेझिंग हाही तेथे चांगला मार्ग आहे.

आता साधनांकडे वळू. जुने दुकानदार तांब्याच्या गुंडाळ्यांचे जड ट्रान्सफॉर्मर यंत्र वापरीत, पुष्कळ ठिकाणी ते अजून आहे. आजचे इन्व्हर्टर यंत्र खांद्याला अडकवून नेता येते, वीज कमी खाते आणि शिकाऊ माणसाच्या हातातही ठिणगी स्थिर ठेवते. मात्र त्याला धूळ आणि ओल सोसत नाही. यंत्र कोणतेही असो, रॉड आणि प्रवाह यांचे प्रमाण सारखेच. बाजारात १२ नंबरचा रॉड मागितला तर अडीच मिलिमीटरचा मिळतो, त्याला ६० ते ९० अँपिअर. १० नंबरचा म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटरचा, त्याला ९० ते १३०. ८ नंबरचा चार मिलिमीटरचा, त्याला १४० ते १८०. प्रवाह कमी पडला तर रॉड चिकटतो आणि धातू दोरीसारखी वर बसते. जास्त झाला तर कडेला चर पडतो आणि पातळ पत्र्याला भोक. ठिणगीची लांबी रॉडच्या जाडीएवढीच ठेवावी. कानही वापरावा. सांधा नीट पडत असता कढईत तळण चालल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज येतो; तो फटफटू लागला की काही बिघडले आहे असे समजावे.

रॉडवरचे आवरण शोभेचे नसते. ते जळून धूर होतो, तो धूर वितळलेल्या धातूला हवेपासून राखतो, आणि वर जी मळी जमते ती तिला सावकाश निवू देते. हे आवरण हवेतील ओल शोषून घेते. पानशेत-वेल्ह्याकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात, तेथे उघड्या खोक्यातल्या रॉडची काय कथा! ओला रॉड जळताना पाण्यातला हायड्रोजन धातूत शिरतो. मग सांध्याला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि कडक पोलादात काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, भेग उमटते. संध्याकाळी धड दिसलेले काम सकाळी तडकलेले आढळते ते यामुळे. रॉड झाकणाच्या डब्यात, उबेला ठेवावेत. साधे रॉड शंभर अंशांच्या आसपास तासभर सुकविले तरी चालतात. जड कामाचे कमी-हायड्रोजनी रॉड मात्र कारखान्याने वेष्टनावर लिहिलेल्या तपमानाला, बहुधा २५० ते ३५० अंशांना, भट्टीत भाजूनच घ्यावेत. त्या वेष्टनावर भारतीय मानक आयएस ८१४ चा क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे.

यानंतर तयारी. आमचे स्पष्ट मत असे की चांगल्या वेल्डिंगचे निम्म्याहून अधिक काम ठिणगी पडण्यापूर्वीच संपलेले असते. गंज, रंग, तेल, माती खरवडून चकचकीत धातू दिसली पाहिजे. पाच-सहा मिलिमीटरच्या वर जाडी असली, तर कडा तिरप्या घासून मध्ये ६० अंशांची खाच करावी आणि तळाशी दोनएक मिलिमीटरची फट ठेवावी, म्हणजे धातू तळापर्यंत पोहोचते. मग चार ठिकाणी टाके मारून गुण्या लावून पाहावा. लोखंड तापले की फुगते आणि निवताना ओढते. एका टोकाकडून सरळ वेल्डिंग करीत गेल्यास चौकट पिळवटते. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे काम वाटून घ्यावे. प्रत्येक थरानंतर मळी हातोडीने झाडून, तारेच्या ब्रशाने घासून मगच दुसरा थर द्यावा. मळीवर चढविलेला थर म्हणजे चिखलावर घातलेला पाया.

काम झाल्यावर परीक्षा. पाण्याच्या टाकीसाठी एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. सांध्याच्या एका बाजूस चुन्याचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, आणि दुसऱ्या बाजूस रॉकेल लावावे. जेथे केसाएवढे छिद्र असेल तेथे पांढऱ्या चुन्यावर डाग उमटतो. कारागिराची परीक्षा करावयाची असेल, तर त्याच धातूचे दोन तुकडे जोडून व्हाइसमध्ये धरावेत आणि घणाने मोडावेत. आत राखाडी, एकसारखा कण दिसला तर काम खरे. काळी मळी किंवा न वितळलेली कड दिसली तर काम खोटे. हा तुकडा मोडताना कोणी अपमान मानू नये. कारागिराने स्वतःच महिन्यातून एकदा तो मोडून पाहावा.

लहान सांधा म्हणून कोणी हयगय करू नये. १९८० च्या मार्च महिन्यात उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' नावाचा तेलक्षेत्रावरचा तरंगता तळ उलथला आणि १२३ माणसे बुडाली. चौकशीत आढळले की भेगेचा उगम एका मोठ्या आडव्या नळीवर बसविलेल्या लहान उपकरणाच्या आधारापाशी, अवघ्या सहा मिलिमीटरच्या वेल्डिंगात होता. ते उपकरण वजन पेलण्यासाठी नव्हते, म्हणून त्याच्या सांध्याची कोणी फारशी पर्वा केली नाही. लाटांनी मात्र ती भेग विसरली नाही. ट्रॉलीच्या दांडीवर दिवा अडकविण्यासाठी सहज मारलेला टाका याच जातीचा असतो.

आता जिवाच्या गोष्टी. वेल्डिंगच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन माणूस तळमळतो. बटाट्याच्या चकत्या ठेवणे हा इलाज नव्हे, डॉक्टरकडे जावे. कारागिराला १० किंवा ११ नंबरची काच हवी, आणि शेजारी उभ्या पोरालाही दूर करावे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तसाच जोडला, तर त्या धुराने संध्याकाळी हिवतापासारखी थंडी भरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढावा आणि वाऱ्याच्या दिशेने उभे राहावे. गूळ खाल्ल्याने धूर छातीतून निघत नाही. पावसात, ओल्या जमिनीवर, फाटक्या होल्डरने काम करू नये.

गॅसच्या बाटल्यांविषयी चार नियम. ऑक्सिजनची काळी बाटली भरलेली असता सुमारे १५० किलो दाबाची असते; तिच्या तोंडाला तेलाचा वा ग्रीसचा हात लावू नये, भडका उडतो. ॲसिटिलीनची तांबूस-किरमिजी बाटली नेहमी उभी ठेवावी, कारण तिच्यातला गॅस ॲसिटोनमध्ये विरघळविलेला असतो आणि आडवी वापरली तर ते ॲसिटोन नळीत उतरते. तिचा दाब एक किलोवर नेऊ नये. तिला तांब्याची नळी कधीही जोडू नये. आणि पाचवी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची: डिझेलचे किंवा पेट्रोलचे रिकामे पिंप जोडावयास कोणी आणले, तर त्यास परत पाठवावे. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप धोक्याचे, कारण त्यात हवा आणि वाफ यांचे मिश्रण असते. ठिणगी पडताच ते बाँब होते. दोनशे रुपयांच्या कामापायी घर उघडे पडते.

श्रोतेहो, हे सर्व कारागिरास ठाऊक नसते असे नव्हे. पुष्कळांना ते आमच्याहून चांगले ठाऊक असते. पण आपण दर विचारतो तो किलोचा. कठडा किती किलोचा झाला, एवढेच मोजून पैसे देतो. खाच घासण्याचा वेळ, रॉड सुकविण्याची वीज, मळी झाडण्याची मेहनत काट्यावर चढत नाही. जो ही कामे करतो तो महाग ठरतो, आणि जो वरवर लिंपून वर चांदीचा रंग मारतो त्यास काम मिळते. मग सांधा उगवला की दोष मात्र वेल्डरला. रंग देण्यापूर्वी येऊन सांधे पाहण्याचा हक्क आपला आहे, आणि त्या कामाचे दाम देण्याचे कर्तव्यही आपलेच.

तेव्हा पुढील वेळी जाळी किंवा कठडा करून घेताना तीन प्रश्न विचारावेत. धातू घासून घेतली का? रॉड कोरडे आहेत का? रंगाआधी सांधा दाखवाल का? ज्याच्या कामात खोट नाही त्यास या प्रश्नांचा राग येणार नाही. आपल्या कामाकडे कोणीतरी जाणतेपणाने पाहत आहे, याचा त्यास आनंदच होईल.