विहिरीबरोबर चरही हवा

कोरडवाहू शेताला पाणी मिळाले की आदिवासी कुटुंबाला दुसरे पीक घेता येते, मजुरीसाठी गाव सोडावे लागत नाही. म्हणूनच आपण विहिरींसाठी देणगी देतो. पण विहिरीच्या पाण्यात क्षारही असतात. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरले, तरी एकरभर चार इंच पाणी भरल्यावर सुमारे 200 किलो क्षार शेतात येतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मातीतच राहतात. पावसाने ते धुऊन खाली गेले नाहीत, तर जमिनीवर पांढरा थर येतो आणि बी नीट उगवत नाही. डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतून पाणी झिरपून जाते. सखल, भारी काळ्या जमिनीत ते साचते. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या उसाच्या कितीतरी जमिनी अशाच खारवट झाल्या आहेत.

यावर उपाय आहेत. पिकाला हवे तेवढेच पाणी द्यावे, उताराच्या बाजूने निचऱ्याचे चर काढावेत, शेणखत घालावे, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. वर्षाआड माती तपासून घ्यावी.

ज्याच्याजवळ एकच एकर आहे, त्याची जमीन बिघडली तर दुसरी कुठून आणणार? म्हणून मित्रहो, विहिरीला मदत करताना चरांचा आणि माती तपासणीचा खर्चही त्यातच धरावा, ही विनंती.