अस्वलाची फट आणि आजोबांची कॅप

नागझिऱ्याच्या जंगलातल्या अस्वलाला वरच्या जबड्यात समोरचे मधले दोन दात नसतात. म्हाताऱ्या अस्वलाची गोष्ट नाही सांगत मी, चांगल्या तरण्याताठ्या अस्वलाची सांगतोय. नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, ओठ लांब करायचे आणि त्या फटीतून वाळवी सर्रकन ओढून घ्यायची. तो आवाज शांत रात्री दूरवर जातो. तिथल्या पिटेझरीकडे मुक्काम पडलाच तर कान देऊन ऐका.

अस्वलाचं फटीवाचून अडतं, माझं फटीमुळे अडलंय. भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर दाढेची कॅप निघून हातात आली, आणि धाकटे नातूराव फेव्हिक्विक घेऊन हजर! “आजोबा, दोन थेंबांचं काम आहे.”

थांब रे बाबू. आधी दात जबड्यात कसा बसतो ते ऐक.

चितळ असो, रानगवा असो की तू, दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळावर एक पातळ थर असतो, त्याचं नावच सिमेंटम. त्यातून बारीक तंतू निघतात आणि समोरच्या हाडात शिरतात. मधली जागा जेमतेम 0.2 मिलिमीटर. दात या तंतूंवर तोललेला असतो, म्हणून चावताना तो किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. खडा दाताखाली आला की तत्क्षणी कळतं, तेही तिथल्याच नसांमुळे. हे सिमेंटम आयुष्यभर थरावर थर चढत राहतं. कित्येक प्राण्यांचं वय शास्त्रज्ञ हे थर मोजूनच काढतात. रानगव्याच्या दाढेत तर ते वरच्या घड्यांतही भरलेलं असतं. गवत चघळून दाढ झिजते तेव्हा वरचं कठीण एनॅमल, त्याखालचं डेंटिन आणि सिमेंटम कमी-जास्त झिजतात. पृष्ठभाग खरबरीत राहतो, आणि गवत दळलं जातं.

हे झालं निसर्गाचं. माणसाची कॅप मात्र मेलेली वस्तू, तिला तंतू फुटत नाहीत. तिथे सिमेंटच हवं.

पहिलं नामी सिमेंट म्हणजे झिंक फॉस्फेट. ते एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. गंमत म्हणजे ते दाताला चिकटतच नाही! जुन्या तलवारीची मूठ बसवताना पोकळीत वितळलेली लाख ओतत, ती खाचाखोचांत शिरून थिजे आणि पातं घट्ट धरून ठेवी. हे सिमेंटही तसंच काम करतं. म्हणून सगळी भिस्त कॅपसाठी डॉक्टरांनी दात कसा घासून घडवलाय यावर. भिंती जवळजवळ समांतर आणि पुरेशा उंच असतील तर कॅप वर्षानुवर्षं हलत नाही. दात बुटका आणि फार निमुळता केला, तर कितीही भारी सिमेंट भरा, ती निसटणारच. (लाखेचं नाव निघालं म्हणून सांगतो: पळसाच्या फांद्यांवरचा इवलासा कीटक ती तयार करतो, आणि दातांचं माप घेण्याच्या जुन्या मसाल्यातही लाख असे.)

1972 साली इंग्लंडच्या विल्सन आणि केंट यांनी काच आणि आम्ल यांपासून केलेलं ग्लास आयोनोमर जगापुढे मांडलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतं आणि वर थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. त्याआधी, 1955 मध्ये, अमेरिकेतल्या ब्युओनोकोर यांनी वेगळीच युक्ती काढली होती. फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल क्षणभर खरवडायचं. त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात, पातळ प्लास्टिकसारखं रेझिन त्यांत शिरून घट्ट होतं. प्रयोगशाळेत अशी पकड चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलोपर्यंत भरते. नुसत्या ग्लास आयोनोमरची डेंटिनवर 30 ते 50 किलोच्या घरात.

मग सगळ्यांना रेझिनच का नाही लावत? कारण कॅपखालचं एनॅमल डॉक्टरांनी बहुतेक घासून टाकलेलं असतं. उरतं डेंटिन, ते ओलं. त्याच्या चौरस मिलिमीटरभर जागेत हजारो सूक्ष्म नळ्या, आणि त्यांत पाणी. ओल आणि रेझिन यांचं जमवून घ्यावं लागतं. त्यात लाळेचा एक थर मध्ये आला की पकड ढिली.

म्हणूनच निघालेली कॅप पुन्हा बसवताना खरा वेळ जातो तो साफसफाईत. आतलं जुनं सिमेंट काढायचं, बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा फवारा मारायचा, दात कीडमुक्त आहे का बघायचं, कापसाने लाळ अडवायची. मग सिमेंटचा पातळ थर, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. जाड लेप दिला तर कॅप उंच बसते आणि प्रत्येक घासाला तीच आधी टेकते. माझं मत विचाराल तर डॉक्टरांना ‘कोणतं सिमेंट?’ एवढंच विचारू नका, ‘कॅप का निघाली?’ हे आधी विचारा. दात खाली किडलेला किंवा मोडलेला असेल तर तीच कॅप चिकटवून उपयोग नाही.

तेव्हा फेव्हिक्विक ठेव कपाटात. एकदा का कॅप वाकडी चिकटली की ती काढताना दातच मोडायचा, आणि कीड आत कोंडली जाईल ती वेगळीच. तुमची कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि दोन-तीन दिवसांत दंतवैद्य गाठा. दुखतंय म्हणून लवंगतेल लावलं असेल तर तेही न विसरता सांगा, कारण त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.