पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बीदर-कलबुर्गीकडच्या पट्ट्यात इतकी वर्षं वापरता आला, याचं पहिलं श्रेय मी पेन्सिल सेलना देतो. 2000 नंतरच्या दशकात कॅननच्या पॉवरशॉट 'ए' मालिकेसारखे बरेच कॅमेरे दोन एए सेलांवर चालत. गावात वीज गेलेली असो, चार्जर घरी राहिलेला असो, किराणा दुकानात सेल मिळतातच. मात्र स्वस्त सेल थोड्याच फोटोंत मान टाकतो. भिंग बाहेर येताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त प्रवाह ओढतो, तो त्याला पेलत नाही. रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचाच, तरी 1.5 व्होल्टच्या साध्या सेलपेक्षा इथे कितीतरी जास्त टिकतो. 2005 मध्ये सान्योने एनेलूप आणला आणि भरून ठेवलेला सेल महिनोन्‌महिने चार्ज धरू लागला. माझा कॅमेरा पेन्सिल सेलवर चालणाऱ्या याच जातीचा. जत्रेला, लग्नाला, रानात तुरीच्या राशीपर्यंत तो सोबत असतो.

त्याचा डोळा लहान आहे. अशा कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण 5.8 बाय 4.3 मिलिमीटरचा, तर जुन्या रोलवरची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची. प्रकाश कमी गोळा होतो, त्यामुळे अंधारात चित्रावर दाणे उठतात. पण त्याच लहानपणामुळे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट येतं. इमारती, शिलालेख, जत्रेतली गर्दी टिपायला हा मोठाच फायदा. पडद्याच्या वरच्या बाजूला बघायची काचेची छोटी खिडकी असलेला कॅमेरा मिळाला तर सोडू नये. कलबुर्गीच्या मे महिन्यातल्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, त्या खिडकीतून दिसतं.

बीदरचा महमूद गवानचा मदरसा 1472 चा. दर्शनी बाजू पूर्वेला, म्हणून निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरश्यांचं काम बघायचं आणि टिपायचं ते सकाळी. 1696 च्या दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा बराच भाग गेला. दोन मिनारांपैकी एकच उरला आहे. त्यावरच्या फरश्या कुठे शाबूत आहेत, कुठे निखळल्या आहेत, हे त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा काढलेल्या फोटोंत जसं कळतं तसं एका सुंदर फोटोत कळत नाही. गुलाम याझदानींनी बीदरच्या इतिहासावर आणि वास्तूंवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ 1947 मध्ये निघाला. त्यातल्या छायाचित्रांशेजारी आजचे फोटो ठेवून बघावेत. खिशातला कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतो. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

बीदरजवळच्या अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीत या कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. 1436 मध्ये वारलेल्या या बहमनी सुलतानाला लिंगायत भाविक अल्लमप्रभूंच्या रूपात मानतात. होळीनंतर भरणाऱ्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मड्याळहून जंगम येतात. घुमटाखाली काळोख असतो. डोळा सरावला की वर लाल, सोनेरी, निळी वेलबुट्टी आणि अक्षरं दिसू लागतात. इथे फ्लॅश मारू नये. रंगांना तो नको, आणि घुमटापर्यंत त्याचा उजेड पोचतही नाही. कॅमेरा पाठीवर झोपवून जमिनीवर ठेवायचा, आयएसओ 80 किंवा 100 वर आणायचा, सेल्फ टायमर लावायचा आणि हात बाजूला घ्यायचा. शटर काही सेकंद उघडं राहतं. हळूहळू साठलेल्या त्या उजेडात डोळ्यांना न दिसलेली वेलही चित्रात उमटते. महागड्या तिपाईशिवाय इतकं मिळतं, म्हणून मला हे यंत्र मनापासून आवडतं.

बिदरी कामापुढे वेगळीच अडचण येते. जस्त आणि थोडं तांबं यांचं ओतीव भांडं कारागीर मोरचुदाने तात्पुरतं काळं करतात, छिन्नीने नक्षी कोरतात, खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर घातलेल्या गरम पाण्यात भांडं फिरवलं की धातू कुळकुळीत काळा होतो आणि चांदी तशीच लखलखीत राहते. कॅमेरा मात्र काळं दिसलं की उजेड कमी आहे असं धरतो आणि सगळं उजळ करून टाकतो. काळं करडं होतं, चांदीच्या रेषा फाकतात. उपाय सोपा आहे : एक्स्पोजर उणे एकवर आणायचं, फ्लॅश बंद करायचा आणि भांडं दारातल्या उजेडात तिरकं धरायचं. शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेची सगळीकडे बातमी झाली. पण कारागिरांच्या रोजच्या कामाचे, त्यांच्या बोटांचे, मातीच्या साच्यांचे फोटो त्यामानाने फार थोडे दिसतात.

हुमनाबादजवळच्या जलसंगी गावातल्या मंदिराच्या भिंतीवर दगडात लेख कोरणारी एक स्त्री आहे. तिच्या अक्षरांत चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याची स्तुती आहे. तिच्यावर ऊन तिरकं पडलं की अक्षरं उठून दिसतात. कलबुर्गीच्या किल्ल्यातल्या 1367 च्या जामा मशिदीत कॅमेरा खांबाला टेकवला की कमानींची रांग हलत नाही.

2010 मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले. 2023 मध्ये हा आकडा 80 लाखांच्याही खाली होता. लहान कॅमेऱ्यांची जागा फोनने घेतली, आणि कमी उजेडात आजचा फोन खरोखरच सरस आहे. तरी भिंगाने जवळ आणणारा झूम, उन्हात दिसणारी खिडकी आणि बदलता येणारे सेल मला आजही जास्त उपयोगी वाटतात. इथली जांभ्याची लाल धूळ आणि रानातली काळी धूळ हे या कॅमेऱ्याचे खरे शत्रू. वाऱ्यात भिंग बाहेर काढू नये, पिशवीत मोकळा टाकू नये.

तुमच्या कपाटात असा कॅमेरा पडून असेल तर आधी त्यातले सेल काढा. गळलेला सेल आतले पत्रे खातो. नवे सेल घाला, तारीख बरोबर लावा आणि आपल्या गावची वेस, बारव, पडायला आलेला वाडा दरवर्षी त्याच जागेवर उभं राहून टिपा. फाइलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि निवडक फोटो कागदावर छापून त्यांच्यामागे गावाचं नाव लिहा.