तळहाताला ऐकू येतं तेव्हा

मध्यरात्री बाळ रडतंय. आईला ते ऐकू येत नाही आणि अंधारात काही दिसतही नाही. तरी ती उठते, कारण पाळण्याजवळच्या माइकने रडणं टिपलं आणि तिच्या उशीखालची चकती थरथरू लागली. ही झाली यंत्राची करामत. खरी नवलाई तिच्या कातडीत आहे.

पण आधी एक कोडं. कान आणि डोळा, दोघांचं काम किती वेगळं! मग एकाच माणसाची ही दोन्ही इंद्रियं बरोबरीने का मंदावावीत? या दुखण्याला अशर सिंड्रोम म्हणतात. हे रक्तातून येतं, यावर स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये भर दिला. त्याच्या दुसऱ्या प्रकारात ऐकू जन्मापासूनच कमी येतं. साधारण किशोरवयात रातांधळेपणा सुरू होतो, मग नजर कडेकडेने आक्रसत जाते. म्हणजे घरात रांगतं मूल येतं, नेमकी तेव्हाच आईची किंवा बाबांची नजर उतरणीला लागलेली असते.

यामागे पुष्कळदा एकच जनुक बिघडलेलं असतं. ते ‘अशरिन’ नावाचं प्रथिन घडवतं, तब्बल ५,२०० अमिनो आम्लांची माळ! कान घडत असताना रोमपेशींवरच्या सूक्ष्म केसांचे जुडगे हे प्रथिन बुडाशी बांधून धरतं. आणि डोळ्यात? तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीला एक अरुंद मान असते. पेशीच्या टोकाला लागणारा सगळा माल तिथूनच जातो, एकपदरी घाटातून ट्रक जावेत तसा. अशरिन त्या मानेपाशी तैनात असतं. ते बिघडलं की वर्षानुवर्षं पेशी मरत जातात. कारागीर एकच, कामं दोन!

मग मुलालाही हे होणार? बहुधा नाही. त्यासाठी बिघडलेली प्रत आई आणि बाबा दोघांकडूनही यावी लागते. एकच आली तर मूल छान ऐकतं, छान पाहतं आणि भरपूर उचापती करतं.

उचापतींचीच तर पंचाईत. दृष्टिहीन आया रांगत्या बाळाच्या पायात घुंगरू बांधतात. इथे तेही निकामी, कारण घुंगरांचा आवाज बारीक असतो आणि अशरच्या या प्रकारात बारीक, वरच्या पट्टीचे आवाजच जास्त हरवतात. ‘फार शांत आहे, म्हणजे काहीतरी चाललंय’ हा तुमचा-आमचा हुकमी अंदाजही उपयोगाचा नाही. मग एक खोली पूर्ण निर्धोक करायची, दाराला फळी लावायची आणि लाकडी जमीन असेल तर पावलांची धडधड तळव्यांनी टिपायची.

तळव्यांना हे कसं जमतं? कातडीखाली पॅसिनी कणिका असतात, कांद्यासारख्या पदरापदरांच्या. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनं झाली की त्या सर्वांत तल्लख असतात. तान्ह्याच्या रडण्याचा मूळ सूर साधारण तीनशे ते सहाशेच्या घरात, म्हणजे फार लांब नाही. बाळाच्या पाठीवर हात ठेवा, रडणं हाताला कळतं!

कातडीत आणखी एका जातीचे मज्जातंतू आहेत. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हळुवार फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात. २०१६ च्या एका अभ्यासात पालकांना आपल्या बाळाला आणि एका कृत्रिम हाताला कुरवाळायला सांगितलं. बाळावरून हात आपोआप त्याच संथ वेगाने फिरला, कृत्रिम हातावरून भराभर. कोणी शिकवलं त्यांना?

आणि बाळं? ती तर आपल्याहून हुशार. २०१३ मध्ये लंडनच्या अत्सुशी सेंजू यांनी दृष्टिहीन पालकांच्या पाच बाळांचा अभ्यास मांडला. ही बाळं आईच्या नजरेला कमी नजर भिडवत, डोळस माणसापुढे मात्र इतर बाळांसारखीच. वाढ अगदी नेहमीसारखी. त्याआधी, २००१ मध्ये, लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांच्या गटाने कर्णबधिर पालकांची ऐकू येणारी तान्ही मुलं तपासली होती. इतर बाळं तोंडाने ‘बाबाबा’ करतात तशी ही हातांनी बडबडत होती, तेही खुणांच्या भाषेच्या संथ लयीत!

खुद्द स्पर्शाची भाषाही मोठी होते आहे. २००७ पासून अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बधिरांध मंडळींनी ‘प्रोटॅक्टाइल’ घडवली. तिच्यात ऐकणाऱ्याने नुसतं मान डोलावून भागत नाही. बोलणाऱ्याच्या मांडीवर बोटांनी सतत थापट्या मारत ‘हं, हं, पुढे?’ असं सांगावं लागतं, आणि हसू आलं तर बोटांनी तिथेच गुदगुल्या करायच्या.