दोन तोळे पितळ

माझ्या ट्रम्पेटच्या तिसऱ्या व्हॉल्व्हखालची टोपी शेजारच्या दोघींपेक्षा जाड आहे. प्रेक्षकांत कुणाच्या ते ध्यानात येत नाही. दुसरा ट्रम्पेटवाला भेटला, तर मात्र हातात हात देण्याआधी त्याची नजर तिथे जाते. मग ठरलेला प्रश्न येतो, "फरक पडतो का हो?"

पडतो. पण कुणाला पडतो, हे सांगायला जरा वेळ लागतो.

वाद्य ओल्ड्स कंपनीचं, 'अ‍ॅम्बॅसडर'. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात १९५०च्या दशकात बनलेलं. धोबीतलावच्या एका गोवेकर वादकाचा दम कमी झाला, तेव्हा त्याने ते माझ्या हवाली केलं. हे मॉडेल शाळकरी पोरांसाठी काढलेलं, पण काम इतकं चोख की पोटासाठी वाजवणारेही ते अभिमानाने बाळगत. कंपनी १९७९ साली बंद पडली. नळी उलगडून सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरेल. वजन म्हणाल तर किलोभर. त्यात जाड टोपीची दोन तोळ्यांची भर म्हणजे किती? दोन टक्क्यांहून थोडी जास्त.

ट्रम्पेटचा आवाज पितळातून निघत नाही, पितळाने कोंडलेल्या हवेतून निघतो. ओठ थरथरतात, दाबाची लहर बेलपर्यंत, म्हणजे पुढच्या फाकलेल्या तोंडापर्यंत, जाते आणि तिचा बराचसा भाग तिथून माघारी फिरतो. ही परतलेली लहर ओठांना पुढच्या थरथरीची वेळ सांगते. बाहेर जो निसटतो, तोच श्रोत्यांच्या वाट्याला येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की सूर खाली उतरतो, तबल्याच्या शाईने नाद सुरेल होतो आणि त्यामागचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी उलगडून दाखवलं. पण तिथे वजन थेट कंप पावणाऱ्या कातड्यावर बसतं. इथे कंप पावते हवा. तिच्यावर कणीक कुठे थापणार?

धातूच्या जाडीने फरक पडतो का, याची रिचर्ड स्मिथ या ब्रिटिश संशोधकाने १९८०च्या दशकात परीक्षा घेतली. त्याने एकाच आकाराच्या, पण कमी-जास्त जाडीच्या बेल ट्रॉम्बोनला बसवल्या, हाताला वजनातला फरक कळणार नाही अशी तजवीज केली आणि मुरलेल्या वादकांना डोळे बांधून वाजवायला लावलं. कोणती बेल जाड आणि कोणती पातळ, ते त्यांना ओळखता आलं नाही. एवढ्यावर थांबलं तर माझी टोपी निव्वळ हौस ठरते. पण फ्लॉरिडातल्या रोलिन्स कॉलेजात थॉमस मूर आणि सहकाऱ्यांनी माणूस बाजूला ठेवून कृत्रिम ओठांनी ट्रम्पेट वाजवला, बेलभोवती वाळूच्या पिशव्या रचून तिचं थरथरणं दाबलं, आणि सुराच्या घडणीत मोजता येण्याइतका फरक पडलेला आढळला. म्हणजे पितळ अगदीच मुकं नाही. त्याची कुजबुज हवेत थोडीशी मिसळते.

आमच्या लालबागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी एका कीबोर्डवाल्या मित्राला पाठ करून बसवलं. एक तान साध्या टोपीवर वाजवली, तीच जाड टोपीवर. तो म्हणाला, "दुसऱ्यांदा तू जरा खात्रीने वाजवलंस." आवाज बदलला असं त्याने म्हटलं नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. जाड टोपी लावली की सूर आपल्या जागी घट्ट बसल्यासारखा वाटतो, वरच्या पट्टीत ओठ कमी चाचपडतात. ज्याला पाय ठेवायची जागा पक्की वाटते तो वेगळं चालतो, आणि मग समोरच्यालाही ते ऐकू येतं. याची दुसरी बाजू अशी की सिनेमाच्या गाण्यातली मींड काढताना हाच घट्टपणा आडवा येतो. सूर वाकायला मागत नाही. मार्च असेल तर जाड टोपी, हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असेल तर साधी, असं माझं सरळ धोरण आहे.

जाड टोपी विकत आणण्यापूर्वी लोक साध्या टोपीत नाणं टाकून बघतात. बहुतेक टोप्यांना मधोमध भोक असतं. पिस्टन खाली आला की तळातली हवा तिथून निघते. नाण्याने भोक बुजतं आणि पिस्टन उसासे टाकत वर येतो. त्यापेक्षा नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून बसेल असा पितळी वॉशर आणावा. टोपीपलीकडे काय, हे बघायचं असेल तर पोरांच्या खेळण्यातल्या क्लेची वाटाण्याएवढी गोळी स्लाइडच्या आडकाडीला, मग जरा पुढे, मग बेलच्या वळणावर चिकटवून बघा. जिथे धातू हलतच नाही तिथे ती गोळी नुसती बसून राहते. जिथे तो जास्त हलतो तिथे हाताला लगेच उत्तर मिळतं.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा विचारतो, "सर, ही टोपी लावली की वरचा सा निघेल?" मी म्हणतो, "आधी वॉटर कीचा बूच बदल." तिथून हवा गळत असेल, पिस्टन झिजला असेल किंवा त्याची फेल्टची चकती चेपून भोकं एकमेकांसमोर येत नसतील, तर बाहेरून शेरभर पितळ लावूनही भागणार नाही. जुन्या वाद्यांत दहापैकी आठ दुखणी याच तीन जागी असतात, हा माझा अंदाज.

वजन घटवण्याच्या प्रयोगांना मात्र माझा विरोध आहे. मोकळा आवाज हवा म्हणून कुणी आडकाड्या झाळ सोडवून काढतात, कुणी लॅकर खरवडतात. बाख कंपनी हलके ट्रम्पेट मुळातच तसे बनवते आणि त्यांवर तारा कोरते. ती वेगळी गोष्ट. सत्तर वर्षांच्या वाद्याची काडी उपटली की ती पुन्हा त्याच ताणात बसवणारा कारागीर शोधत फिरावं लागतं. टोपी दोन बोटांनी फिरवली की निघते.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या डेव्हिड मोनेट यांचे ट्रम्पेट आहेत, जाडजूड, काहींचा तर माउथपीससुद्धा अंगातच जोडलेला. जॅझवादक विंटन मार्सालिस ते वाजवतो आणि ते स्टेजवर फार शोभतात. रस्त्यावर तीन तास वरातीत चालत वाजवणाऱ्या आमच्या बँडवाल्यांपैकी एकाला मी त्या ट्रम्पेटचा फोटो दाखवला. त्याने विचारलं, "याला पट्टा कुठे लावतात?"